दुसरी डिस्क लावली, पण स्वॅप तिकडे जातच नाही!

गेल्या महिन्यात या सदरात जुन्या पीसीत दुसरी डिस्क कशी बसवायची ते लिहिलं होतं. त्यावर जे मेल आले त्यातले बरेचसे फिरून फिरून स्वॅपवरच येत होते, म्हणून यावेळी दुसरं काही घेतलंच नाही, फक्त स्वॅप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: रॅम भरत आली की लिनक्स बराच वेळ हात न लागलेली मेमरीची पानं (एक पान साधारण 4 केबीचं) उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागली की परत आणतं, त्या डिस्कवरच्या जागेला स्वॅप म्हणायचं. कमांड आणि फाईलींची नावं इथे देवनागरीत छापतोय, मशीनवर टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

प्रश्न (सांगली, डीटीपी सेंटर): नमस्कार. दुकानात जुना पीसी आहे, 8 जीबी रॅम, लिनक्स टाकलंय. लग्नसराईत पत्रिकांचं काम असलं की इंकस्केप, गिंप आणि क्रोमच्या ढीगभर टॅब एकदम चालू असतात, 4 जीबीचा स्वॅप भरून जायचा. म्हणून दुसरी हार्डडिस्क लावून तिच्यावर 8 जीबीचा स्वॅप केला. पण दुसऱ्या डिस्कवरचा वापर कायम शून्य! पहिली भरून वाहतेय आणि दुसरी नुसती बसून. माझं काय चुकलं?

उत्तर: काहीच चुकलं नाही, लिनक्स सांगितल्याप्रमाणेच वागतंय, फक्त ते सांगणं तुम्ही केलेलं नाही तर डिफॉल्टने झालंय. तुम्ही स्वॅपऑन कमांडचं (ती स्वॅप चालू करते आणि चालू असलेल्यांची यादीही दाखवते) जे आउटपुट पाठवलंय तेच नीट बघा. पहिली ओळ: एसडीए2 (पहिल्या डिस्कचा दुसरा भाग), पार्टिशन, साईज 4 जीबी, वापर 3.9 जीबी, आणि शेवटच्या कॉलमात -2. दुसरी ओळ: एसडीबी1, पार्टिशन, 8 जीबी, वापर 0, आणि शेवटी -3. सगळी गोम त्या शेवटच्या कॉलमात आहे. ती प्रायॉरिटी. आकडा मोठा त्याचा नंबर आधी, आणि -2 हा -3 पेक्षा मोठा. आत्ता बहुतेकांच्या मशीनवर जी कर्नल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आहेत त्यात तुम्ही स्वतः आकडा दिला नाही तर जो स्वॅप आधी चालू होतो त्याला -2, नंतरच्याला -3, त्यानंतरच्याला -4 असे उतरत्या भाजणीने आकडे मिळतात. आणि नियम असा की वरच्या आकड्याची जागा पूर्ण संपल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. तुमची पहिली जागा 3.9 ला आलीये, अजून थोडा रेटा दिला असतात तर दुसरीवरही पानं जाताना दिसली असती.

दोन्ही डिस्कवर एकदमच पानं जायला हवी असतील तर दोघांना एकच आकडा द्यायचा, बास. ईटीसीमधल्या एफएसटॅब फाईलमधे स्वॅपच्या दोन ओळी असतील, प्रत्येकीत जिथे 'एसडब्ल्यू' किंवा 'डिफॉल्ट्स' लिहिलंय त्याला चिकटून स्वल्पविराम देऊन 'पीआरआय=10' लिहा. चिकटून म्हणजे चिकटूनच, स्वल्पविरामानंतर सवयीने स्पेस दिलीत तर लिनक्स तो पुढचा कॉलम समजतं आणि ओळीचा अर्थच बदलतो. आकडा 10 च पाहिजे असं काही नाही, 0 ते 32767 मधला कुठलाही चालतो, दोन्हीकडे तोच पाहिजे एवढंच. आणि एसडीए, एसडीबी या नावांऐवजी यूयूआयडी (त्या जागेचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरा, कारण केबल इकडची तिकडे झाली की ही नावं बदलतात.

मग स्वॅपऑफ करून परत स्वॅपऑन करायचं. पण हे दुकान चालू असताना करू नका. स्वॅपऑफ म्हणजे तिकडे गेलेलं एकेक पान परत रॅममधे आणणं, रॅममधे तेवढी जागा नसेल तर ते जमणारच नाही, आणि जमलं तरी फिरत्या हार्डडिस्कवरून 4 जीबी परत यायला किती वेळ लागेल ते खालचा हिशोब वाचलात की कळेल. सकाळी मशीन चालू केल्यावर स्वॅप रिकामा असतानाच करा, किंवा फाईल बदलून सरळ रीस्टार्ट मारा.

यानंतर पानं आळीपाळीने दोन्हीकडे जातील. तुमच्या डिस्कवरच्या जागा सारख्या नाहीत (4 आणि 8), त्यामुळे दोन्हीकडे साधारण 4-4 भरेपर्यंत वाटून, मग उरलेला सगळा भार दुसरीवर एकटीवर. ते चालतं. आवडत नसेल तर दोन्ही 6 करा.

आता फायदा किती, कारण खरं तर विचारायचं हेच असतं. 7200 आरपीएमची (मिनिटाला 7200 फेरे मारणारी) डिस्क एक फेरा मारायला सुमारे 8.3 मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, 4 च्या आसपास, आणि त्याआधी हेडला त्या ट्रॅकवर जायला 8-9 मिलिसेकंद. धरा एका ठिकाणाहून वाचायला 12-13. सेकंदाला 80 वेळा वगैरे. लिनक्स एका वेळी एकच पान न आणता आजूबाजूचीही आणतं, डिफॉल्टला 8 पानं, म्हणजे 32 केबी. 80 गुणिले 32 केबी, सेकंदाला अडीच एमबी! पेनड्राईव्हवर फाईल कॉपी करतानासुद्धा यापेक्षा जास्त स्पीड दिसतो. 4 जीबी या वेगाने परत आणायचे तर जवळपास अर्धा तास. हार्डडिस्कच्या खोक्यावर लिहिलेले 150 एमबी वगैरे आकडे सलग वाचायचे असतात, स्वॅपमधून वाचणं सलग कधीच नसतं, म्हणून मशीन 'हँग' होतं आणि तो लाल दिवा नुसता जळत राहतो.

दोन डिस्क झाल्या की सेकंदाला 80 चे 160 होतात, पण एक अट आहे आणि ती कोणी सांगत नाही. तुम्ही गिंपच्या खिडकीवर क्लिक केलं आणि गिंपला एक पान हवंय, ते पान एका डिस्कवर आहे, ती डिस्क ते 12 मिलिसेकंदातच देणार, शेजारी दुसरी डिस्क असो नाहीतर दहा असोत. गिंप थांबलेलाच. फायदा होतो तो एकाच वेळी क्रोमही मागतोय, गिंपही मागतोय, मागे प्रिंटचा जॉबही चालू आहे अशा वेळी, तेव्हा एकाची मागणी या डिस्कवर आणि दुसऱ्याची त्या डिस्कवर अशी रांग वाटली जाते. आणि दुसरा फायदा पानं बाहेर टाकताना, कारण ते काम कर्नल मागच्या मागे गठ्ठ्याने करतं. तुमच्यासारख्या दुकानात, जिथे तीन मोठे प्रोग्रॅम एकदम चालू असतात, तिथे फरक जाणवेल. पण स्वॅप रोज 4 जीबी भरत असेल तर मी दुसऱ्या डिस्कऐवजी आधी रॅमची स्टिक बघितली असती, हे पण सांगून ठेवतो.

प्रश्न (संगमनेर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): दादा, माझ्या लॅपटॉपमधे डीव्हीडी ड्राईव्ह काढून कॅडीत (त्या जागी डिस्क बसवायच्या साच्यात) जुनी 5400 ची हार्डडिस्क टाकलीये, मेन डिस्क एसएसडी आहे. दोन्हीवर स्वॅप करून सेम प्रायॉरिटी दिली तर स्पीड डबल होईल ना? आणि एसएसडीवरच दोन पार्टिशन करून दोन्हीवर स्वॅप केला तर?

उत्तर: नाही रे बाबा, दोन्ही नको.

पहिलं. सेम प्रायॉरिटी म्हणजे आळीपाळी, आणि आळीपाळीत कोण हळू आहे हे बघितलं जात नाही. पंगतीत एक वाढपी चपळ आणि दुसरा म्हातारा, पण ताटं एकाआड एक वाटून दिलेली, मग निम्मी पंगत वरणाची वाट बघत बसणार, चपळ वाढपी कितीही पळाला तरी. तुझी एसएसडी एक पान 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास देते, कॅडीतली डिस्क 15 घेणार, म्हणजे तू तुझी निम्मी पानं शंभरपट हळू जागी मुद्दाम पाठवतोयस. एसएसडीला पीआरआय 10 दे, कॅडीवाल्या डिस्कला 1, म्हणजे ती फक्त एसएसडीवरची जागा संपली तरच वापरली जाईल, ओव्हरफ्लोसारखी. माझं विचारशील तर तिच्यावर स्वॅप करूच नको, एसएसडीवरच 4 जीबी जास्त दे. कॅडीचा काँटॅक्ट कधीकधी ढिला असतो, लॅपटॉप बॅगेतून काढताना धक्का बसला आणि चालू मशीनची स्वॅपची डिस्क गायब झाली तर काय होतं ते पुढच्या प्रश्नात वाच.

दुसरं. एकाच डिस्कवर दोन पार्टिशन करून सेम प्रायॉरिटी, हा प्रकार फिरत्या हार्डडिस्कवर तर सरळ अत्याचार आहे. कर्नलला वाटतं दोन वेगळी डिव्हायसेस आहेत, ते बिचारं वाटून देतं, आणि हेड एक पान इथे, दुसरं तिथे करत डिस्कभर येरझाऱ्या घालतं. एक स्वॅप असता तर जे काम सलग झालं असतं तेही तुकड्यात होतं. एसएसडीत हेड नसतो त्यामुळे तोटा होणार नाही, पण फायदाही शून्य, कंट्रोलर एकच आहे. उगाच पार्टिशनचा पसारा. जुन्या आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) काळात तर दोन डिस्क वेगळ्या असल्या तरी एकाच पट्टीच्या केबलवर मास्टर-स्लेव्ह असतील तर एका वेळी एकच बोलायची, म्हणून स्वॅपच्या डिस्क वेगवेगळ्या केबलवर लावा असं तेव्हा सांगायचे. साटा ही नंतरची पद्धत आल्यावर प्रत्येक डिस्कला स्वतःची वायर मिळाली आणि ती कटकट संपली.

कोणीतरी यूएसबी पेनड्राईव्हवर स्वॅप करायचंही विचारलंय. नका करू. छोटी छोटी सतत लिहिणी पेनड्राईव्हला झेपत नाहीत, आधी तो हळू होतो आणि मग मरतो.

प्रश्न (नाशिक, छोट्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळणारे): आमच्याकडे दोन सारख्या डिस्क आहेत. स्वॅपसाठी आधी रेड झिरो (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एक म्हणून वापरणं) करावा आणि त्यावर स्वॅप, की तसेच दोन वेगळे स्वॅप? आणि एक डिस्क गेली तर?

उत्तर: रेड झिरोची गरजच नाही. डेटा दोन डिस्कवर पट्ट्यापट्ट्याने वाटणं हेच रेड झिरोचं काम, आणि स्वॅपपुरतं ते काम कर्नल स्वतःच करतं, सेम प्रायॉरिटी दिली की झालं. ही काही नवी आयडिया पण नाही, 1980 च्या दशकात बीएसडी युनिक्सवाले कर्नल बनवतानाच अमुक डिस्क आणि तमुक डिस्कवर स्वॅप असं लिहून टाकायचे आणि ते वाटून वापरलं जायचं. मधे रेडचा आणखी एक थर घातला की बिघडायला एक जागा वाढली, एवढंच.

पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. स्वॅप दोन डिस्कवर वाटला म्हणजे चालू प्रोग्रॅमची मेमरी दोन डिस्कवर पसरली. त्यातली एक डिस्क चालू मशीनमधे मेली तर तिच्यावर ज्यांची ज्यांची पानं होती ते प्रोग्रॅम ती मागायला जाणार, डिस्क देऊ शकणार नाही, आणि कर्नल त्या प्रोग्रॅमला सिगबस सिग्नल देऊन मारणार. कर्नलची स्वतःची मेमरी लिनक्स स्वॅपमधे टाकत नाही, त्यामुळे कर्नल वाचेल, पण तुमचा डेटाबेस गेला, लॉगिन करायचा प्रोग्रॅम गेला, मग कर्नल जिवंत असून करायचंय काय. आणि पानं आळीपाळीने वाटलेली असल्यामुळे स्वॅपमधे गेलेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅमची काही ना काही पानं त्या मेलेल्या डिस्कवर असणारच. म्हणजे दोन डिस्क केल्या की दगाफटक्याची शक्यताही साधारण दुप्पट.

बरेच जण इथे एक गंमत करतात, मी हे बऱ्याच ठिकाणी बघितलंय: डेटा रेड वनवर, म्हणजे दोन्ही डिस्कवर सेम कॉपी, एकदम सेफ, आणि स्वॅप मात्र दोन्ही डिस्कवर उघडा, वाटून. मग डिस्क जाते, डेटा सुरक्षित राहतो, पण सर्व्हर भर कामात कोसळतो, आणि मग 'रेड असून का पडला' म्हणून सगळे डोकं खाजवतात. ऑफिसचा सर्व्हर दिवसा पडून चालत नसेल तर स्वॅपही रेड वनवर ठेवा, लिहिताना दोन्हीकडे लिहावं लागतं म्हणून जरा हळू, पण एक डिस्क गेली तरी प्रोग्रॅमना पत्ता लागत नाही. पडला तर पडला, पाच मिनिटांत परत चालू करू असं असेल तर वाटलेला स्वॅप ठेवा, आणि एफएसटॅबमधे दोन्ही ओळींना 'नोफेल' पण लावा, म्हणजे मेलेल्या डिस्कची वाट बघत बूट अडकून बसणार नाही.

प्रश्न (डोंबिवली, निवृत्त): माझ्या 16 जीबी रॅमच्या मशीनवर आपोआपच झेडरॅम नावाचा 4 जीबी स्वॅप दिसतो, शिवाय एसएसडीवर 4 आणि जुन्या हार्डडिस्कवर 8 जीबी. कोणाला काय प्रायॉरिटी द्यावी?

उत्तर: काका, तुम्ही बहुतेक फेडोरा वापरताय, 2020 मधे आलेल्या फेडोरा 33 पासून ते झेडरॅम आपोआप चालू असतं. ती डिस्क नाहीच, रॅमचाच एक तुकडा आहे ज्यात पानं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवतात. डिस्कपर्यंत जावंच लागत नाही म्हणून प्रचंड जलद, आणि त्याची प्रायॉरिटी तिथे आधीच 100 ठेवलेली असते. मग सरळ उत्तर असं की झेडरॅम 100, एसएसडी 10, हार्डडिस्क 1. असं लावलंत तर चालेल.

पण यात एक खोच आहे. कर्नल वरच्या आकड्याची जागा आधी भरतं, आणि आधी बाहेर कोण जातं? सकाळी उघडून विसरलेली टॅब, बूटच्या वेळी एकदाच लागलेला प्रोग्रॅम, असली थंड पानं. ती सगळ्यात जलद जागेत, झेडरॅममधे, जाऊन बसतात आणि तिथून हलत नाहीत. झेडरॅम भरलं की नंतर बाहेर जाणारी पानं, जी तुम्हाला दहा मिनिटांनी परत लागणार आहेत, ती जातात एसएसडीवर, आणि एसएसडी पण भरली की हार्डडिस्कवर. नेमकं उलटं! जलद जागेत अडगळ आणि कामाचं सामान माळ्यावर. प्रायॉरिटी म्हणजे फक्त भरायचा क्रम आहे, पानं मागाहून एका जागेतून दुसरीकडे सरकवण्याची सोय त्यात नाही.

म्हणून डिस्कवर स्वॅप ठेवायचाच असेल तर झेडरॅम बंद करून झेडस्वॅप बघा, नावं सारखी आहेत पण काम वेगळं. झेडस्वॅप हा डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढे बसतो, पानं दाबून रॅममधे ठेवतो आणि जागा कमी पडली की जुनी पानं स्वतः डिस्कवर ढकलतो, म्हणजे वरची अडगळ वाली उलटापालट बरीच टळते. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, एकच माल दोनदा दाबण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे 16 जीबी रॅम आहे म्हणताय, मग झेडस्वॅप आणि एसएसडीवरचे 4 जीबी पुरेत, हार्डडिस्कवरचे 8 जीबी फोटोंसाठी मोकळे करा.

आणि स्वॅपमधे 1 जीबी भरलेलं दिसलं की घाबरायचं नाही. भरलेलं असणं वाईट नाही, सतत ये-जा वाईट. व्हीएमस्टॅट 1 अशी कमांड द्या, दर सेकंदाला एक ओळ येईल, त्यात एसआय आणि एसओ असे दोन कॉलम आहेत, आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत दोन्हीकडे शून्य शून्य दिसत असेल तर निवांत चहा घ्या. दोन्हीकडे एकदम हजारांत आकडे पळताना दिसले तर मात्र मशीन रॅमसाठी तडफडतंय.

प्रश्न (पुणे): विंडोजमधे पण असं करता येतं का?

उत्तर: येतं. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमधे प्रत्येक ड्राईव्हवर वेगळी पेजफाईल ठेवता येते. तिथे प्रायॉरिटीचा आकडा देता येत नाही, जी डिस्क आधी प्रतिसाद देते ती जास्त वापरली जाते. सी ड्राईव्हवरची पेजफाईल मात्र पूर्ण काढू नका, निळा स्क्रीन आला की त्याची माहिती साठवायला ती लागते.

प्रश्न (कोल्हापूर): स्वॅप दोन डिस्कवर 4-4 जीबी वाटला, मशीन मस्त चालतंय, पण हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) बंद पडलं. जागा कमी म्हणतंय. 8 जीबी आहे की!

उत्तर: 8 आहे पण एका ठिकाणी नाही. हायबरनेट करताना लिनक्स रॅममधलं सगळं एकाच स्वॅपच्या जागेत लिहितं, दोन्हीकडे वाटून लिहीत नाही, कारण परत चालू होताना त्याला फक्त एकच पत्ता दिलेला असतो, बूटच्या ओळीत 'रिझ्युम=' म्हणून जो असतो तो. तुमच्यासाठी 4 जीबी हीच मर्यादा. रॅमची ही प्रत (इमेज) दाबून लिहिली जाते, त्यामुळे रॅम अर्धी रिकामी असताना कदाचित होतही असेल आणि क्रोम चालू असताना होत नसेल, असं कधी हो कधी नाही चाललं असेल तर कारण हेच. एका डिस्कवरचा स्वॅप रॅमएवढा करा, रिझ्युममधे त्याचा यूयूआयडी द्या, आणि दुसऱ्या डिस्कवरचा 4 जीबी तसाच राहू द्या, प्रायॉरिटी दोघांची सेम ठेवली तरी चालेल. फक्त हायबरनेटच्या वेळी त्या मोठ्या जागेत आधीच किती पानं बसलीयेत तेवढी कमी धरायची, म्हणून रॅमएवढ्यापेक्षा दोन-तीन जीबी जास्तच द्या.